मावशीचा तांब्या

बाघ नदी आमच्या गावाजवळून वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. तिचा अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, तर पलीकडचा मध्य प्रदेशाचा. पलीकडच्या गावी माझी मावशी राहत असे. दोन्ही गावांची पोवारी बोली एकच, धानाची शेती एकच आणि उन्हाळ्यातले पाणीही एकच. वैशाखात धार आटली, की दोन्ही काठांच्या बाया नदीच्या वाळूत झिरे खणीत. थोड्याच वेळात त्यांत निर्मळ पाणी साचे. वाळूखालच्या त्या पाण्याला राज्यांची सीमा ठाऊक नव्हती.

पुढे मी गावच्या शाळेत मुख्याध्यापक झालो. घरोघरी नळ आले आणि सांडपाणी रस्त्यांवर साचू लागले. नाली खणून ते नदीत सोडावे, असा अर्ज मीच हौसेने लिहिला. गाव स्वच्छ झाले. लोकांनी माझी स्तुती केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी मावशीकडे गेलो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"बाबू, हे पाणी पिऊ नकोस. तुमच्या गावची नाली आमच्या झिऱ्यात उतरते."

तिच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच मला अधिक लाज वाटली.

मुलांनो, आपल्या जिल्ह्यातील खडक बहुतांशी कठीण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. पूर्वी पावसाची झड दिवसचे दिवस लागे व जमीन ते पाणी सावकाश पीत असे. आता हवामान पालटले आहे. पाऊस पुष्कळदा थोड्याच दिवसांत कोसळतो आणि वाहून जातो. मग उन्हाळ्यात पाणी थोडे उरते आणि तेवढीच घाण त्यात अधिक दाट होते. आपल्याकडे कोहळी लोकांनी शेकडो तलाव बांधले. नवेगावबांध त्यांतलाच एक. तलाव शेतांना पाणी देतात, तसेच ते जमिनीतही मुरवतात.

परत येताच मी दुसरा अर्ज लिहिला. विहिरींपासून दूर शोषखड्डे खणले गेले; शाळेतल्या मुलांनीही माती वाहिली. गावची बोडी गाळ काढून खोल केली. दोन वर्षांनी नाली बंद झाली. ते पाहण्यास मावशी मात्र उरली नव्हती.

पुढच्या वैशाखात मी पलीकडे गेलो. मावसभावाने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्याने तो मागे घेतला नाही.