दोन 'आठवी'

खुटबावच्या घरी रात्री निकालपत्रकं करत बसलो होतो. प्रत्येक फोल्डरला वेगळी खिडकी; पडद्यावर नऊ-दहा उघड्या. त्यात 'आठवी' नावाच्या दोन, एक यंदाची, एक गेल्या वर्षीची. जुनी समजून पेन ड्राइव्हवरची यंदाची पुसली. आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही! मुलांचे स्कॅन केलेले उर्दू निबंध गेले.

विंडोज ९५ मध्ये मुळात हीच रीत होती. पुढे सगळे फोल्डर एकाच खिडकीत उघडू लागले. माझ्याकडे मात्र फोल्डर ऑप्शन्समध्ये कुणीतरी जुनी रीत निवडून ठेवलेली. (कुणीतरी म्हणजे मीच.) आता 'त्याच खिडकीत' केलंय, मागे जायला ऑल्ट आणि डावा बाण. दोन फोल्डर शेजारी-शेजारी हवे असतील तरच दुसरी खिडकी.

वह्या पुन्हा मागवल्यात. बावीस आल्या, तीन बाकी.