गिअरच्या स्कूटरला अखेरचा नमस्कार

हाताने गिअर बदलायची स्कूटर आता आपल्यात नाही. बजाज ऑटोने 2009 च्या डिसेंबरमध्ये स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. चेतकची मागणी त्याआधीच ओसरली होती. कानपूरच्या एलएमएलने हा वसा आणखी काही वर्षे चालवला आणि मग तिथलेही दिवे मालवले. पण कारखाना बंद झाला म्हणून ती गेली, असे ठाणे-डोंबिवलीकडे कोणी मानले नाही. स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये, सोसायटीच्या जिन्याखाली, वागळे इस्टेटच्या गेटपाशी ती पुढे कितीतरी वर्षे दिसत राहिली. आता मात्र आठवडेच्या आठवडे तिचा आवाज कानी पडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या सेवेची उजळणी जशी तेराव्याच्या दिवशी चार माणसांत होते, तशी तिचीही व्हावी, म्हणून हे लेखन.

तिचे मूळ घराणे इटलीचे. 1946 मध्ये पियाज्जो कंपनीसाठी कोराडिनो द'आस्कानियो या विमानांच्या अभियंत्याने व्हेस्पा रेखाटली. त्याला मोटारसायकल फारशी आवडत नसे. साखळीचे वंगण कपड्यांना लागते, चाक पंक्चर झाले की काढता काढता जीव मेटाकुटीला येतो, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने साखळी काढून टाकली, इंजिन पत्र्याच्या आवरणाखाली मागच्या चाकाशी नेले, पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले आणि गिअर पायाकडून काढून डाव्या मुठीत दिला. ऑफिसला निघालेल्या माणसाचे बूट आणि विजारीची इस्त्री जशीच्या तशी राहावी, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. चालवणाऱ्याचे कष्ट कमी करणे हाच या घराण्याचा पहिल्यापासूनचा कुलाचार होता, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवे.

आपल्याकडे पन्नासच्या दशकात मुंबईच्या एपीआय कंपनीने लँब्रेटा ही स्कूटर आणली. साठच्या दशकात बजाजने पियाज्जोच्या सहकार्याने व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी पुण्याजवळच्या आकुर्डीत राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक जन्माला आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून तिची बहीण प्रिया निघू लागली. मराठी मुलखातली ही दोन्ही गावे स्कूटरची माहेरे झाली. मागणी इतकी होती की नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. दहा-दहा वर्षे थांबलेली घरे होती. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, म्हणून दुबईच्या मामाला पत्रे जात. ज्यांच्या कारकिर्दीत हे सारे घडले ते राहुल बजाज 12 फेब्रुवारी 2022 रोजी पुण्यात निवर्तले. त्या दिवशी अनेक घरांत जुन्या अल्बममधला स्कूटरसोबतचा फोटो बाहेर निघाला असेल.

ठाणे जिल्ह्यात तिला काम कधी कमी पडले नाही. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, तिचा मुहूर्त ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्येच झाला. पुढे डोंबिवलीची एमआयडीसी उभी राहिली. सकाळच्या पाळीला जाणारा फिटर, केमिकल कंपनीतला सुपरवायझर, दुपारच्या पाळीचा कंपाउंडर, यांच्या वेळा बसच्या वेळेत बसणाऱ्या नव्हत्या. दुसरीकडे मुंबईत नोकरी करणारा मोठा वर्ग होता. त्याला ऑफिसपर्यंत लोकलच नेई, पण डोंबिवलीतल्या टिळकनगर किंवा सागावपासून फलाटापर्यंतचे अंतर स्कूटर कापत असे. सकाळी तिला स्टेशनजवळ लावायचे, रात्री उतरल्यावर तिथूनच घ्यायचे. दिवसभर उन्हापावसात उभे राहून वाट पाहणे हा तिच्या नोकरीचा अर्धा भाग होता आणि तो तिने निमूटपणे केला.

संसाराच्या कामांची तर गणतीच नको. पुढच्या सपाट जागेत गॅसचा सिलिंडर आडवा बसे. एरवी त्याच जागी हँडल धरून थोरले पोर उभे राही, मागे बायको एका अंगाने बसे आणि धाकटे दोघांच्या मध्ये. भाद्रपदात गणपती याच जागेवरून घरी आला, दसऱ्याला तिच्या हँडलला झेंडूचे तोरण चढले. डाव्या अंगाच्या डिकीत पाने, जुना प्लग, फडके आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रेनकोट असे. स्टेपनी सोबत असल्यामुळे कल्याण-शीळ रस्त्यावर रात्री पंक्चर झाले तरी माणूस घरी पोहोचायचा. ही सोय आजच्या दुचाकींकडे नाही, आणि मला ती अजून आठवते.

तिला चालवणे ही शिकावी लागणारी विद्या होती. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक ओढायचा, गाडी एका अंगावर कलती करायची आणि मग किक. क्लच दाबून डावी मूठ वर वळवली की पहिला गिअर. खाली आणताना वाटेत न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा आणि चौथा. चौथ्यात मनगट पुरते खाली झुके. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. इंजिन उजव्या अंगाला असल्याने वजनही त्याच बाजूला, त्यामुळे नवशिक्याची गाडी जराशी ओढ खाई आणि शरीर आपोआप ती ओढ सावरायला शिके. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिलीच्या हिशेबाने टू-टी ऑइल मिसळावे लागे. पेट्रोल किती उरले हे सांगणारा काटा नसे. गाडी आचके देऊ लागली की चालत्या गाडीवर खाली हात घालून कॉक रिझर्व्हवर वळवायचा आणि पंप शोधायचा. मुलगा अठरा वर्षांचा झाला की रविवारी पहाटे रिकाम्या मैदानावर वडील मागे बसत. "हळू सोड, हाफ क्लचवर धर," हे वाक्य कल्याण-डोंबिवलीच्या एका अख्ख्या पिढीने वडिलांच्या तोंडून ऐकले आहे.

तिच्या सेवेमागे जे हात होते त्यांना वगळून तिच्याविषयी बोलता येणार नाही. स्टेशन रोडच्या एखाद्या गल्लीत, दुकान म्हणावे की नाही इतक्या जागेत, एक मेकॅनिक असे. त्याला सगळे काका म्हणत, मग वय काहीही असो. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून त्याला दुखणे कळे. प्लगवर काजळी धरली असेल तर तो पॉलिश पेपरने टोक घासून पुन्हा बसवी आणि पुष्कळदा त्याचे पैसे घेत नसे. सायलेन्सर तुंबला असेल तर डीकार्बन करून देई. क्लचची केबल तुटली तर जुनी तार ओढून काढणे, नवीला ग्रीस लावून हँडलच्या पोटातून खाली सरकवणे, खाली नट आवळणे आणि मग डोळे मिटून दोनतीनदा लिव्हर दाबून ताण बघणे, हे सगळे त्याच्या बोटांत होते. तो ताण मोजायला कुठलेही उपकरण नव्हते. थोडा जास्त झाला तर क्लच घसरे, थोडा कमी झाला तर गिअर अडके.

26 जुलै 2005 च्या पावसानंतर या हातांची खरी परीक्षा झाली. कल्याण-डोंबिवलीच्या सखल भागांत तळमजले बुडाले, खाली उभ्या गाड्या बुडाल्या. पाणी उतरल्यावर गल्लीगल्लीत एकच दृश्य होते: चिखलाने माखलेल्या स्कूटरी आडव्या पाडलेल्या, प्लग काढलेले, आणि किक मारली की प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी. मॅग्नेटो उन्हात सुकवायचा, कार्बोरेटर धुवायचा, गिअरबॉक्सचे तेल बदलायचे. एवढे केल्यावर त्यांतल्या कितीतरी पुन्हा धुराचा लोट सोडत उभ्या राहिल्या. तिची रचना साधी होती, म्हणून साध्या हत्यारांनी तिला परत आणता आले.

तिच्या वारसदाराचा जन्म चेतक जन्मली त्याच वर्षी झाला होता. 1972 मध्येच अहमदनगरच्या किनेटिक इंजिनिअरिंगने लुना काढली. तिला गिअर नव्हता, क्लचची लिव्हरही नव्हती. पुढे 1984 मध्ये किनेटिकच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाशी हातमिळवणी केली आणि किनेटिक होंडा आली: गिअर नाही, बटण दाबले की सुरू. 2001 मध्ये अॅक्टिव्हा आली आणि हळूहळू स्कूटर या शब्दाचा अर्थच बिनगिअरची गाडी असा झाला. या नव्या गाड्यांत गिअर बदलण्याचे काम आतच होते. दोन पुल्यांवर एक पट्टा फिरतो, वेग वाढला की रोलर बाहेर ढकलले जातात, पुलीचा घेर बदलतो आणि गाडी आपोआप चढ्या वेगाला जुळते. आचके नाहीत, थांबताना न्यूट्रल शोधणे नाही. धूर कमी करण्याचे नियम कडक होत गेले, तसतशी टू-स्ट्रोक इंजिनाची वेळही भरत आली.

तिच्या जाण्याचा मोठा लाभ कोणाला झाला, हे आमच्या भागात चालता-बोलता दिसते. गिअरच्या स्कूटरवर घरातले एकच माणूस चालक असे आणि बाकीचे बसणारे. जड वजन, किक आणि कडक क्लच यांमुळे बायकांच्या हाती ती क्वचितच आली. आज मानपाडा रस्त्यावर सकाळी शाळेच्या वेळेला पाहावे, मुलांना सोडणाऱ्या निम्म्याहून अधिक आया आणि आज्या स्वतः गाडी चालवत असतात. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये सुरू केलेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून दुचाकीवर निघणाऱ्या स्त्रियांत बिनगिअरच्या गाड्या पुष्कळ दिसतात. गुडघे दुखणारे निवृत्त गृहस्थ, हाताची शस्त्रक्रिया झालेले, पन्नाशीनंतर पहिल्यांदा चालवायला शिकलेल्या बाई, या सगळ्यांसाठी रस्ता मोकळा झाला. माझ्या मते थोरलीने वेळेवर जागा दिली, आणि तिच्या घराण्याचा जो मूळ हेतू होता तो धाकटीने पुरा केला.

मीही रोजच्या येण्याजाण्यासाठी बिनगिअरची गाडी घेतली. शीळफाट्यापासून मुंब्रा बायपासपर्यंतच्या रांगेत दर चार हातांवर क्लच दाबणे आणि सोडणे डाव्या मनगटाला झेपेनासे झाले होते. रस्त्यांची कामे चालू आहेत, गाड्या वाढल्या आहेत, रांग कोणाच्याच हातात नाही. नव्या गाडीवर ठाण्याला पोहोचलो की हात माझे असतात, संध्याकाळी पेन धरता येते. सवयीने डावी मूठ अजून वळू पाहते. गिअरवरून इकडे येणाऱ्यांना एवढेच सांगतो की जिथे क्लच होता तिथे आता मागचा ब्रेक आहे. पहिले काही दिवस गाडी मोकळ्या रस्त्यावरच न्यावी.

चेतक हे नाव 2020 पासून पुन्हा रस्त्यावर आले आहे. ही चेतक विजेवर चालते आणि तिला क्लच नाही. जुन्या चेतकचे काही सुटे भाग अजून कल्याण-ठाण्याच्या दुकानांत मिळतात, आणि दुरुस्ती जाणणारे काही काका अजून हयात आहेत. त्यांच्यातल्या कोणाची गल्ली तुम्हाला ठाऊक असेल तर एकदा जाऊन त्यांचे आभार माना.

आणि तुमच्या जिन्याखाली एखादी स्कूटर गंजत उभी असेल, तर तिला तशीच ठेवू नका. चालवण्याजोगी असेल तर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्या. नसेल तर भंगारात देण्याआधी आरसी बुक घेऊन आरटीओत जा आणि तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्या, म्हणजे तिच्या नावावर पुढे कोणाचा गैरप्रकार चढणार नाही.