बोईसर ते पालघर : डब्यातला कारभार

तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी सुटली, तसेच आम्ही बोईसर स्टेशन गाठले. आम्ही म्हणजे नवरा-बायको; एकाच्या डोळ्यांवर झोप, दुसरीच्या हातात पहाटे उठून केलेली भाकरी-भाजी. सोबत मुलगा. पालघरच्या एका महाविद्यालयात तो पहिल्या वर्षाला आहे. आठवडाभर कॉलेजला जायचे म्हटले की त्याचे पोट दुखे. खरे कारण बाहेर पडायला तीन रात्री लागल्या.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली आणि आपल्या मुलांची सोय झाली. मध्ये एक उमरोळी, की पालघर. पण एवढ्याशा प्रवासातही एका डब्यावर जुन्या पोरांच्या ग्रुपचे राज्य! कोणी बसायचे, कोणी दाराशी उभे राहायचे, ते ग्रुप ठरवणार. नव्याने गाणे म्हणायचे, बॅगा सांभाळायच्या. नाव सांगितले की लगेच, "पूर्ण नाव सांग." आडनाव ऐकून जे हसू फुटले, त्यापुढे मुलाने काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या अशा गटांना रीतसर नाव आणि घर असते. फ्रॅटर्निटी म्हणतात, म्हणजे बंधुसंघ. (आपल्या घटनेच्या उद्देशिकेतील बंधुतेसाठी इंग्रजी शब्द हाच. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने तो कशासाठी घातला आणि तिकडे तो कशाला चिकटला!) गोऱ्यांच्या संघांची दारे बंद, म्हणून १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा हा स्वतःचा संघ काढला. मार्टिन ल्यूथर किंग पुढे त्याचेच सभासद झाले. संघांवर मंडळ असते, विद्यापीठ मान्यता देते, काढूनही घेते. तरी घराच्या आत जुन्यांचाच शब्द चालतो. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियात नव्या सभासदांना दारू पाजण्याच्या प्रकारात एक विद्यार्थी दगावला, तेव्हा कुठे विद्यापीठाने तो संघ कायमचा बंद केला.

आपल्याकडे मुलांचे म्हणणे मांडायला विद्यार्थी परिषद. १९९४ च्या कायद्याने तिथे वर्गातला हुशार विद्यार्थी नेमला जाई. २०१६ च्या कायद्याने निवडणूक परत आणली, मागासवर्गीयांसाठी आळीपाळीने एक जागाही ठेवली. २०१९ ची निवडणूक मात्र विधानसभेच्या निवडणुकीपायी पुढे ढकलली गेली.

कॉलेजच्या कार्यालयात उत्तर मिळाले, "गाडीतले आमच्याकडे येत नाही." येते. १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे लागू आहे. लेखी तक्रार आली की प्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा धरला जातो. गुन्हेगाराला २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. हे सारे आम्ही वहीच्या पानावर उतरवून नेले होते. पान पुढे केले, तेव्हा बसायला खुर्ची मिळाली.

तक्रार मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिली, आडनावासकट. आम्ही शिक्का मारलेली प्रत घेतली.

परतताना हुतात्मा चौकात थांबलो. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात पालघरचे पाच जण हुतात्मा झाले, हे मुलाला सांगितले. मग स्टेशनवर भाकरी सोडली.

"उद्या कुठल्या डब्यात बसू?" त्याने विचारले.

"रोजच्याच," आई म्हणाली.

आठवडाभर आमच्यापैकी एकजण त्याच्याबरोबर जाणार आहे. कारखान्यात पाळी बदलून घेतली आहे.