घर हवंय, जेवताना जवळ जाऊ नये

टिकल्याच्या पिंजऱ्याला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत ‘आक्रमक’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली रेबीजच्या लशीची तारीख आणि ‘नसबंदी झाली’, एवढंच. या कुत्र्यासाठी घर शोधायचं काम माझ्याकडे आलं ते माझं मराठी बरं आहे या एकाच भांडवलावर. माझी भाची दर रविवारी पुण्याबाहेरच्या त्या शेल्टरमध्ये जाते. मी निवृत्त झाल्यावर तिने मलाही ओढून नेलं. ‘‘मावशी, तू फक्त जाहिराती लिही, कुत्र्याला हात लावायचीसुद्धा गरज नाही,’’ असं कबूल करून. आमच्या घरात कधी मांजरही नव्हतं. सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. त्यामुळे कुत्र्यांशी ओळख होती ती थकबाकीदारांच्या फाटकापुरती, आणि ती काही फार प्रेमाची नव्हती.

सुरुवातीला तिथे कोण काय बोलतंय तेच मला कळेना. पत्र्याच्या शेडखाली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. त्या गदारोळात तरुण मंडळी एकमेकांना ओरडून सांगायची, अमका ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आहे, तमकी ‘शट डाउन’ झालीय. एकदा कोणी ताई ‘फॉस्टर फेल’ झाल्या म्हणून पेढे वाटले. नापास झाल्याचे पेढे कसले, तर तात्पुरतं म्हणून घरी नेलेलं पिल्लू त्यांनी कायमचं ठेवून घेतलं होतं. मला समजेल असं बोलायचे ते फक्त जेवण वाटणारे मामा. कोंबडीचे पंजे घालून शिजवलेला भात घेऊन ते टिकल्याच्या कप्प्यापाशी आले की भांडं जाळीखालून काठीने आत सरकवायचे आणि चार पावलं मागे व्हायचे. ‘‘ताई, तसा गरीब आहे हो. भात संपला की मांडीवर येऊन बसंल. पण भात आहे तोवर बापाला ओळखत नाही.’’ लाल मार्करच्या त्या शब्दापेक्षा हे वाक्य कितीतरी कामाचं होतं, हे मला नंतर कळलं.

टिकल्या म्हणजे काळा कुळकुळीत देशी कुत्रा, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. बांधकामाच्या साइटवर वॉचमनच्या कुटुंबाने त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलं. सोबत आणखी पिल्लं, शिळ्या चपात्या मोजक्या. इमारत उभी राहिली, कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं, कुत्रा मागे राहिला. पुण्याच्या कडेकडेने जिथे जिथे टॉवर उठतात तिथे हे असंच चालतं म्हणे. मी भाचीला विचारलं, ‘‘मग जिथून आणला तिथे सोडत का नाहीत?’’ नियम तसाच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेलं भटकं कुत्रं त्याच्या मूळ जागीच सोडायचं असतं. पण टिकल्याची मूळ जागा म्हणजे पत्र्याची खोली, आणि तिथे आता सोसायटीचं पार्किंग आहे.

त्याला एकदा घर मिळालंही होतं. चांगलं, हौशी घर. त्या घरातल्या दहावीतल्या मुलाला कोणीतरी सल्ला दिला की मालक कोण ते कुत्र्याला कळलं पाहिजे, तो जेवत असताना भांड्यात हात घालायचा. मुलाने घातला. टिकल्या गुरगुरला, तर त्याला दटावलं. दुसऱ्या वेळी टिकल्या गुरगुरला नाही, सरळ चावला. मुलाला पाच सुया घ्याव्या लागल्या, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली गेली, आणि अकराव्या दिवशी तो परत आला. चावणारं कुत्रं दहा दिवसांनीही ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. टिकल्या ठणठणीत होता. पण त्याची पुठ्ठ्यावर नोंद झाली, ती पुसायची कोणी?

वर्तनाचं काम पाहणारी ट्रेनर माझ्या भाचीहूनही लहान. तिने मला पहिला प्रश्न विचारला, ‘‘काकू, भोकं किती पडली आणि किती खोल?’’ मला वाटलं चेष्टा करतेय. पण याचीही पायरी ठरलेली असते. इयान डनबार नावाच्या पशुवैद्याने चाव्याच्या सहा पातळ्या पाडल्या आहेत. पहिलीत दात त्वचेला लागतही नाहीत, सहावीत जीव जातो. टिकल्याने अंगठ्याच्या मुळाशी एकदाच दात लावले, दोन उथळ खुणा पडल्या आणि त्याने सोडून दिलं. म्हणजे तिसरी. तिसरीच्या कुत्र्यावर काम करता येतं, असं ती म्हणाली. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी शिक्षा करायची नाही, कारण गुरगुरणं ही त्याने दिलेली नोटीस असते. हे मला पटकन समजलं. नोटिशीचं पाकीट फाडून टाकलं म्हणून जप्ती टळत नाही, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय.

‘मालक कोण ते दाखव’ हे खूळ आलं कुठून, तेही तिच्याकडूनच ऐकलं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने बंदिवासातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांचे कोणी न लागणारे लांडगे एका कुंपणात कोंडले, तर ते भांडून उतरंड लावतात. डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघर नेली. पुढे मेच यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. मग तेच सांगायला लागले की ती जुनी मांडणी सोडा. दुरुस्ती मात्र आमच्या पेठांपर्यंत पोचलेली नाही. इथे अजून भांड्यात हात घालणं चालू आहे.

ट्रेनरने ‘आक्रमक’ शब्द खोडायला लावला. ‘‘काय पाहिलं ते लिहा. कोणासमोर, कधी, किती अंतरावर.’’ ही नुसती नाजूक भाषा नव्हती. २०२५ च्या २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आधीचा कडक आदेश सौम्य करून सांगितलं की नसबंदी, लस आणि जंताचं औषध झालेली भटकी कुत्री त्यांच्या जागी परत सोडावीत. मात्र रेबीजग्रस्त, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत. आक्रमक कोणाला म्हणायचं, ते पुठ्ठ्यावर लिहिणारा ठरवणार असेल तर त्याने मार्कर जरा जपूनच उचलावा.

मी नवी नोंद लिहिली. जेवताना पाच फुटांच्या आत कोणी आलं तर अंग ताठ करतो, खाण्याचा वेग वाढवतो, मग गुरगुरतो. रस्त्यात सापडलेलं हाड सोडत नाही. हिसकावलं तर चावू शकतो. एकदा चावला आहे. रिकाम्या भांड्याजवळ कोणीही गेलं तरी चालतं. इतर वेळी माणसाला चिकटून बसतो. भाचीच्या मैत्रिणी हे वाचून हबकल्या. ‘‘काकू, असं लिहिलं तर फोनच येणार नाहीत.’’ पण कर्जदाराने जुनं कर्ज लपवलं तर ते सहा महिन्यांत उघडं पडतंच. इथे लपवलं असतं, तर ते उघडं पडताना कोणाच्या तरी बोटातून रक्त आलं असतं.

फोन आले. एकाला मुलाच्या वाढदिवसाची भेट हवी होती. मूल सहा वर्षांचं. एकाला शेतावर दिवसरात्र साखळीला बांधून ठेवायला हवा होता, आणि ‘चावतो’ हे वाचूनच त्याने फोन केला होता. एक गृहस्थ थेट गाडी घेऊनच आले. ज्योतिषाने शनीसाठी काळा कुत्रा पाळायला सांगितलेला. टिकल्याला त्यांनी सगळीकडून निरखलं आणि कपाळावर येऊन अडले. निव्वळ काळा हवा, टिकली चालणार नाही. त्या पांढऱ्या ठिपक्याचे मी आजन्म उपकार मानते.

सगळ्यात अवघड गेलं ते कोथरूडच्या एका बाईंना नाही म्हणणं. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, अतिशय मायाळू बाई, टिकल्याचा फोटो बघूनच डोळ्यांत पाणी. ‘‘मी त्याला माझ्या हाताने भरवीन,’’ म्हणाल्या. येणारीजाणारी माणसं पुष्कळ, भाचरं, शेजारची मुलं, सगळ्यांनी त्याला खाऊ द्यायचा. सोसायटीचं काय विचारलं तर त्यांनी पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना माझ्यासमोर ठेवल्या. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. खरंच आहे ते. पण लिफ्टचा हक्क टिकल्याच्या काय कामाचा? चार अनोळखी माणसं आणि एखाद्याच्या हातात वडापाव, अशा चौकोनात त्याला दिवसातून सहा वेळा उभं करायचं? माया या घरात भरपूर होती, पण दोन दिवस सलग एकसारखे जातील याची खात्री नव्हती. आणि आमच्या कुत्र्याला हवी होती ती नेमकी तीच.

मधल्या काळात ट्रेनर त्याच्याबरोबर काम करत होती. मला ते बघायला आवडायला लागलं. जेवत असताना ती लांबूनच जायची, भातापेक्षा चांगलं काहीतरी, म्हणजे उकडलेल्या चिकनचा तुकडा, भांड्याच्या दिशेने टाकायची आणि थांबायची नाही, चालू पडायची. पुन्हा तेच. अंतर अगदी हळूहळू कमी. अंग ताठ झालं की पुन्हा मागे. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट येतं, एवढंच त्याच्या डोक्यात उतरवायचं. त्याचबरोबर मुसक्याची सवय. टोपलीसारखं मुसकं, ज्यात तोंड उघडून धापता येतं, कारण कुत्रं धापूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं. घट्ट कापडी पट्टी आपल्या उन्हात घातक. मुसक्याला आतून दही लावायचं. शेवटी शेवटी मुसकं दिसलं की टिकल्या आपणहून नाक घालायला धावायचा.

मग सासवडकडून फोन आला. एसटीतून निवृत्त झालेले चालक, स्वतःचं बैठं घर, भोवती कुंपण, घरात ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. त्यांनी नोंद नीट वाचली होती. पहिलाच प्रश्न, ‘‘पाच फूट म्हणजे भिंतीपासून की भांड्यापासून?’’ मी मनात म्हटलं, हा माणूस कर्ज फेडणारा आहे.

घर बघायला गेले ते मी जुन्याच पद्धतीने. शेतकऱ्याने कर्जावर घेतलेली म्हैस दाखवली की आम्ही आधी तिच्या कानातला विम्याचा बिल्ला बघायचो. नाहीतर एकच म्हैस तीन गोठ्यांत फिरते. इथे कुंपणाची फट बघितली, फाटकाची कडी बघितली, कचऱ्याचा डबा कुठे असतो ते बघितलं. काकूंचा चेहरा काही प्रसन्न नव्हता. ‘‘हे ठेवणार असतील तर ठेवू देत. पण माझ्या स्वयंपाकघरात त्याने पाऊल टाकायचं नाही. आणि मी त्याला भरवणार-बिरवणार नाही. मागच्या पडवीत ठरल्या वेळी भांडं ठेवीन, दार लावीन, अर्ध्या तासाने रिकामं उचलीन.’’

भाची माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, घर गेलं. ट्रेनरच्या चेहऱ्यावर मात्र मला हसू दिसलं. तिने दोन पानांचा जो नियमांचा कागद तयार केला होता, तो काकूंनी न वाचताच तोंडपाठ म्हणून दाखवला होता.

आधी फॉस्टर म्हणूनच दिला. कागदावर अट, की नाही जमलं तर इथेच परत आणायचा, परस्पर कोणाला द्यायचा नाही, सोडायचा तर नाहीच. नव्या घरात कुत्र्याला भांबावलेपणातून निघायला तीन दिवस, दिनक्रम कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने, असा एक ढोबळ हिशेब हे लोक सांगतात. टिकल्या पहिले काही दिवस पलंगाखालून निघाला नाही. काकांनी त्याला ओढून काढलं नाही. ‘‘गाडी लागली की प्रवासी आपोआप चढतो,’’ म्हणाले. नंतर कधीतरी काकूंचा मला फोन आला, तक्रारीचाच. टिकल्या संध्याकाळी त्यांच्या मालिकेच्या वेळी पायाशी येऊन बसतो आणि त्यांना उठता येत नाही.

पावसाळा संपता संपता पक्क्या कागदांवर सह्या झाल्या. टिकल्या बरा झाला असं मी म्हणणार नाही. रस्त्यात हाड सापडलं तर तो अजूनही गुरगुरतो, म्हणून बाहेर मुसकं. दिवाळीत नातवंडं आली की त्याचं जेवण मागच्या खोलीत, दाराला कडी लावून, आणि कडीची जबाबदारी काकूंची. त्या चुकत नाहीत.

मी अजून जाहिराती लिहिते. सध्याची ही आहे, वाचून ठेवा. तपकिरी रंगाची देशी कुत्री, वय अंदाजे चार, लस आणि नसबंदी झालेली. माणसांशी आणि मुलांशी उत्तम. एकटं ठेवलं तर अर्ध्या तासात दार खरवडते, नखांतून रक्त येईपर्यंत. डॉक्टरांचं औषध आणि सराव दोन्ही चालू आहे, फरक आहे, पण वेळ लागेल. घरून काम करणारं किंवा निवृत्त माणूस हवं. फार लाड करणारं नसलं तरी चालेल, दिवसभर घरात असणारं हवं. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर जवळच्या शेल्टरमध्ये त्यांना घेऊन जा. अशी कुत्री सगळीकडे असतात. आणि तिथे पोचल्यावर ‘हा प्रेमळ आहे का’ असं विचारू नका. त्याला काय सहन होत नाही ते विचारा, आणि तेवढं तुमच्या घरात टाळता येत असेल तरच कागदावर सही करा.