संपली का गोष्ट?

पहिल्याच रात्री वन्संनी मला टीव्ही बंद करायला लावला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायलाही त्यांनीच सांगितलं.

त्याचं असं झालं. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. लांबचं लख्ख दिसे. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया मोजाव्यात इतकं. पण पुस्तक हातात घेतलं की अक्षरांच्या मुंग्या व्हायच्या. वाचायच्या चष्म्याचा नंबर महिन्याने मिळणार होता. पतपेढीत ३१ वर्षं खातेवह्या लिहिलेल्या बाईने महिनाभर अक्षराशिवाय काढायचा म्हणजे शिक्षाच. डोळा बघायला पुण्याहून भाची आली. "मावशी, तू नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचतेस ना? मग हे तुला आवडेल," म्हणत तिने टीव्हीवर नेटफ्लिक्स सुरू करून दिलं, शिवाय स्वतःचा जुना लॅपटॉप आणि डीव्हीडींचा एक जाडजूड संच ठेवला. टीव्हीवर 'ब्लॅक मिरर', संचात 'द ट्वायलाइट झोन'. एक मालिका आत्ताची, एक साठ वर्षांहून जुनी. "कुठूनही बघ, क्रम नाहीच," असं सांगून ती संध्याकाळच्या एसटीने गेलीसुद्धा.

कुठूनही बघ म्हटलं की माझ्यासारखी माणसं पहिल्या पानापासूनच सुरू करतात. 'ब्लॅक मिरर'चा पहिला भाग २०११ सालचा. इंग्लंडच्या राजकन्येला कुणीतरी पळवलंय आणि तिला सोडायचं तर पंतप्रधानाने एक गोष्ट करायची आहे. ती गोष्ट इथे लिहिण्यासारखी नाही. तिच्यात एक डुक्कर आहे आणि ती टीव्हीवर थेट दाखवायची आहे, एवढंच सांगते. वन्संची जपमाळ थांबली. "बंद कर गं ते. दिवेलागणीची वेळ." मी बंद केलं. ह्यांच्या मागे घरात आम्ही दोघीच. दहा मिनिटं दोघी भिंतीकडे बघत बसलो. मग वन्संच म्हणाल्या, "केलं असेल का गं त्याने?"

टीव्ही परत लागला.

दुसऱ्या दिवशी पंतप्रधानाचं पुढे काय झालं ते बघायला आम्ही जेवणं लवकर उरकून बसलो. तर पडद्यावर तरुण पोरं खोलीत ओळीने सायकली मारतायत! पंतप्रधान नाही, राजकन्या नाही. "कालचा कुठे गेला?" वन्संनी विचारलं. येईल म्हणून वीस मिनिटं वाट पाहिली. शेवटी भाचीला फोन केला. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मावशी, प्रत्येक भाग वेगळा असतो. माणसं वेगळी, गोष्ट वेगळी." मग आधी सांगायचं नाही का? आमच्याकडे मालिका म्हटली की एकच सासू दहा वर्षं चालते. हा तर कथासंग्रह निघाला. दिवाळी अंक उघडावा तसं बघायचं, हे कळायला मला दोन रात्री लागल्या.

आणखी एक तक्रार मी फोनवरच करून घेतली: "यात विज्ञान कुठे आहे? यान नाही, यंत्रमानव नाही." नारळीकर वाचून मला सवय अशी लागलेली की आधी कल्पना, मग तिच्यामागचं शास्त्र, मग गोष्ट. भाची म्हणाली, "आता जुनी बघ. पहिलाच भाग."

'द ट्वायलाइट झोन'चा पहिला भाग अमेरिकेत २ ऑक्टोबर १९५९ला दाखवला गेला. काळापांढरा, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. एक माणूस एका गावात येतो. हॉटेलात चहाकॉफीची भांडी गरम, पण माणूस नाही. रस्ते ओस. हाका मारमारून तो वेडा व्हायला येतो. शेवटी कळतं, हे गाव त्याच्या डोक्यातलं आहे. चंद्रावर जायच्या तयारीसाठी त्याला एका पेटीत ४८४ तास एकटं कोंडून ठेवलं होतं.

तेव्हा मला आदल्या दिवशीचा शेवट आठवला. राजकन्येला ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच सोडून दिलेलं असतं. ती पुलावर धडपडत चालते, पण बघायला कुणी नाही, कारण सगळं गाव टीव्हीसमोर. दोन मालिका, दोघींच्या पहिल्याच गोष्टीत ओसाड रस्ते! जुन्यात माणसं नाहीत म्हणून ओसाड. नव्यात माणसं घरात आहेत, पडद्याला चिकटलेली, म्हणून ओसाड. पंतप्रधानाच्या गोष्टीत विज्ञान कुठे आहे ते मला तेव्हा दिसलं. ते आमच्या दोघींच्या समोरच मांडून ठेवलेलं होतं, आणि आम्ही त्याची धूळ पुसून जेवणं लवकर उरकली होती.

वन्संना मात्र जुनी मालिका आवडली ती वेगळ्याच कारणाने. तिच्यात सूत्रधार आहे. रॉड सर्लिंग त्याचं नाव. पहिल्या वर्षी नुसता आवाज, दुसऱ्या वर्षापासून कोट घालून स्वतः हजर. सुरुवातीला येतो, कोण माणूस, कुठे उभा आहे ते सांगतो, आणि शेवटी दोन वाक्यांत सार सांगून निरोप घेतो. "हा कीर्तनकार बरा आहे," वन्सं म्हणाल्या. "पूर्वरंग सांगतो, आख्यान लावतो, शेवटी सांगून उठतो. त्या दुसऱ्यात कुणी सांगतच नाही, संपली का गोष्ट ते."

हा कीर्तनकार नुसता सांगणारा नव्हता. पाच वर्षांत १५६ भाग झाले, त्यातले ९२ सर्लिंगने स्वतः लिहिले. दुसऱ्या महायुद्धात तो छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढला होता. परत येऊन टीव्हीसाठी नाटकं लिहू लागला. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि मारेकरी निर्दोष सुटले. त्यावरून सर्लिंगला एक नाटक सुचलं. पण जाहिरातदारांना दक्षिणेतलं गिऱ्हाईक दुखवायचं नव्हतं. गाव उत्तरेला न्यावं लागलं, मारला गेलेला माणूस कुणीतरी परदेशी झाला आणि उरलं ते पिचकवणी. तेव्हा त्याने ओळखलं की जे शेजाऱ्याच्या तोंडून बोलता येत नाही ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडून बोलता येतं. त्याची विज्ञानकथा म्हणजे पदराआडून दिलेला टोला होता. चार्ली ब्रूकरला, म्हणजे 'ब्लॅक मिरर'च्या कर्त्याला, या पदराची गरज पडलेली दिसत नाही. तो पहिल्याच रात्री पंतप्रधान आणि डुक्कर समोर आणून उभे करतो.

जुन्यातला एक भाग मात्र माझ्या जिव्हारी लागला. बँकेत काम करणारा एक जाड भिंगांचा माणूस. त्याला वाचायचं असतं. साहेब वाचू देत नाही, बायको तर पुस्तकाची पानं खोडून ठेवते. एकदा दुपारी तिजोरीच्या खोलीत वाचत बसलेला असताना वर अणुबाँब पडतो. जग संपतं, हा एकटा उरतो. मग त्याला पडलेल्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर पुस्तकांचे ढीग सापडतात. तो वर्षावर्षांचे गठ्ठे लावतो. आता वेळच वेळ. आणि चष्मा खाली पडून फुटतो.

मी डोळ्याला हात लावला. डोळ्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं, तरी लावला. पतपेढीत काम केलेली, वाचायला चष्मा नसलेली बाई मीच की! "वाचायला वेळ मागितला हा काय गुन्हा?" मी तावातावाने म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "पण गोष्ट संपली."

तिथे मला जुन्याची खोड कळली. जुन्यात हिशेब चुकता होतो. कधी चुकीचाही होतो, पण चुकता होतो.

नव्याचं काय, ते दोन फोनांनी समजावलं. जुन्यातला 'नाइट कॉल' १९६४ सालचा. एका म्हातारीला रात्री-अपरात्री फोन येतात. पलीकडून पुरुषाचा खोल गेलेला आवाज. ती घाबरून ओरडते, "मला एकटीला राहू दे." मग कळतं की वादळात तुटलेली फोनची तार एका थडग्यावर पडली आहे. थडगं तिच्या लग्न ठरलेल्या माणसाचं. तरुणपणी तो तिच्या शब्दाबाहेर नसे. गाडी मीच चालवणार असा तिने हट्ट केला आणि अपघातात तो गेला. आता तिला त्याच्याशी बोलायचंय. तो एकदाच बोलतो: तूच सांगितलंस एकटं राहू दे, आणि मी तुझं नेहमी ऐकतो. फोन मुका.

नव्यातला 'बी राइट बॅक' २०१३चा. इथेही एका बाईचा जोडीदार गाडीच्या अपघातात गेलेला. त्याने लिहिलेले निरोप, त्याचे व्हिडिओ घालून एक कंपनी त्याचा आवाज बनवून देते, तो फोनवर तिच्याशी बोलतो. पुढचा, जास्त किमतीचा टप्पा म्हणजे अख्खा माणूसच खोक्यातून येतो. तो तिचं सगळं ऐकतो. जा म्हटलं की जातो, बस म्हटलं की बसतो. कड्यावर नेऊन ती म्हणते, मार उडी. तो मारायला तयार! खरा माणूस रडला असता, हातापाया पडला असता, असं ती ओरडते. तर हा लगेच रडूनही दाखवतो.

दोन्ही बायकांना नशिबाने ऐकणारा माणूस दिलाय. जुन्यात तो ऐकतो म्हणून गोष्ट संपते. नव्यात तो ऐकतो म्हणूनच संपत नाही. वर्षांनंतरही तो माळ्यावर उभा आहे आणि त्यांची मुलगी वाढदिवसाचा केक घेऊन वर जाते. तिथे भाग थांबतो. वन्सं कितीतरी वेळ जपमाळ नुसती धरून होत्या.

२०२५च्या 'कॉमन पीपल'मध्ये तर हे पतपेढीच्या भाषेतच आलं. वेल्डिंग करणारा नवरा, शाळेत शिकवणारी बायको. तिच्या मेंदूत गाठ. कंपनी म्हणते, मेंदूचा बिघडलेला भाग आमच्या यंत्रावर चालवू, ऑपरेशन फुकट, दरमहा फक्त वर्गणी. मग वर्गणी वाढत जाते. स्वस्त वर्गणीत ती वर्गात शिकवता शिकवता मध्येच जाहिरात बोलू लागते. मी आयुष्यभर थकलेले हप्ते पाहिले आहेत. त्या नवऱ्याचा चेहरा मी काउंटरपलीकडे शंभरदा पाहिलाय. मूतखडा, मुलीचं लग्न, घर गळतंय. कर्ज घेणारा कधी मूर्ख नसतो. त्याला कुणाला तरी सोडायचं नसतं, एवढंच. सर्लिंगच्या माणसाला नियती येऊन गाठते. ब्रूकरचं माणूस स्वतः सही करतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाच्या खणात मोबाइल वाजला. ह्यांचा. चार वर्षं झाली, मी तो चार्ज करून ठेवते. मेसेज होता: रिचार्जची मुदत संपत आली.

बँकेचे ओटीपी त्या नंबरवर येतात, म्हणून चालू ठेवलाय, असं मी सगळ्यांना सांगते. वन्संनाही तेच सांगितलं होतं. खरं म्हणजे सगळी खाती पहिल्या सहा महिन्यांतच माझ्या नावावर झाली. कागद मीच केले होते. त्या कामात माझा हात कोण धरणार?

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी मेसेज वाचून दाखवला नाही, त्यांनी विचारलाही नाही. मी माझ्या फोनवरून पैसे भरले. बारीक आकडे दिसत नव्हते, म्हणून स्क्रीन बोटांनी मोठी करून करून भरले.

"किती दिवसांचा?" वन्संनी विचारलं.

"८४."

"बरं," म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.