उशाशी बसणाऱ्यांचे प्रश्न

ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या पेठांमधून हृदय थकलेलं माणूस सगळ्या वाड्याचं असे. आमच्या थोरल्या आक्काला आडवं झालं की धाप लागायची. भिंतीला तक्क्या नि उशा लावून ती बसूनच रात्र काढायची. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. औषधं मोजकी होती : डिगॉक्सिन, लघवीची लॅसिक्स आणि बिनमिठाचं जेवण. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात ते बिनमिठाचं ताट फार जड जायचं. पण डॉक्टर घरी येत, शेजारच्या काकू आळीपाळीनं जागत, आणि जास्त झालं तर रिक्षातून दसरा चौकाजवळच्या सीपीआर रुग्णालयात न्यायला चार माणसं धावत. ती माया आज आठवली तरी डोळे भरून येतात.

त्या मायेतही एक उणीव होती. आक्काला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारत नसे. जोतिबाचा डोंगर पुन्हा चढता येईल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ‘आराम करा’ एवढंच उत्तर मिळे.

आज औषधांचं चित्र पार पालटलंय. एनॅलाप्रिलनं अत्यंत गंभीर रुग्णांचंही आयुष्य वाढतं, हे १९८७ साली दिसलं. थकल्या हृदयाला घातक म्हणून टाळल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या आता उपचारांच्या केंद्रस्थानी आहेत. मधुमेहासाठी निघालेली डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी पडते, हे २०१९ मध्ये सिद्ध झालं. इको काढला की ‘पंपिंग पंचवीस टक्के’ असा आकडा हाती येतो. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवा, असं सांगितलं जातं.

पण ते वजन लिहून ठेवणार कोण? वाडे पाडून फ्लॅट झाले, मुलं पुण्या-मुंबईला गेली. एका थकल्या माणसाची रात्र दुसरं थकलेलं माणूस राखतं. औषधं वाढली तशी जागणारी माणसं मात्र कमी झाली.

म्हणूनच ब्रिटनमधलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. २००४ मध्ये स्थापन झालेली जेम्स लिंड अलायन्स ही संस्था रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर-नर्स यांना एका टेबलाशी बरोबरीनं बसवते. संशोधनानं आधी कोणत्या प्रश्नांची उत्तरं शोधावीत, हे तिघं मिळून ठरवतात. हृदय निकामी होण्याच्या शेवटच्या टप्प्यासाठीही तिथं असा क्रम लावला गेला. आक्काच्या काळात असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

मात्र ती यादी उसनी आणून आपलं भागणार नाही. केरळमधल्या तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांत २०१३ साली नोंदवलेल्या, हृदय निकामी झालेल्या रुग्णांचं सरासरी वय ६१च्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत ते साधारण दहा वर्षांनी जास्त असतं. म्हणजे आपल्याकडे हा आजार घराच्या कर्त्या माणसाला गाठतो. त्याचे प्रश्न वेगळे असणारच. उसाच्या रानात किती काम झेपेल? तीन गोळ्यांचेच पैसे असतील तर कोणत्या तीन घ्याव्यात? रात्री धाप वाढली तर राधानगरीच्या वाडीवरून निघावं, की घरीच काही करता येईल? उपचारानं गुण येत नसेल, तर शेवटचे दिवस घरात, त्रासाविना कसे जातील? आणि वर्षानुवर्षं अर्धवट झोपणाऱ्या बायकोच्या, सुनेच्या तब्येतीचं काय?

सीपीआरच्या ओपीडीत गडहिंग्लजपासून गगनबावड्यापर्यंतची माणसं फाईल छातीशी धरून बसलेली असतात. पुढच्या संशोधनाचे विषय ठरवायची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी. रुग्णाइतकंच शेजारी पिशवी घेऊन बसलेल्या बाईलाही विचारावं, आणि तिचं उत्तर डॉक्टरांच्या उत्तराइतक्याच वजनानं लिहून घ्यावं. जुन्या वाड्यातली सोबत आता परत आणता येणार नाही. पण तेव्हा कधीच न विचारलेला प्रश्न आज विचारणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.