वास न येणारं काम

झुरळाच्या जेलचा ठिपका मसुरीएवढा हवा आणि तो बिजागरीच्या आत, उबेला बसायला हवा. हात कापू लागल्यापासून ते काम मी पोरांवर सोपवलं. माझ्याकडे उरलं ते हॉटेलमालकाची समजूत घालणं, आणि खरी अडचण तिथेच आहे. जेल टाकून होताच मालक म्हणतात, आता जरा फवारूनही घ्या. पायरेथ्रॉइडचा फवारा त्या ठिपक्यांवर बसला की झुरळ त्यांना तोंड लावत नाही. जर्मन झुरळाच्या मादीच्या पेटीतली तीस-चाळीस अंडी फवाऱ्यातून बचावतात, त्रासलेली बाकीची झुरळं शेजारच्या खोलीत पांगतात. दोन उपाय केले म्हणून एकही लागू पडत नाही. तरीही मागणी फवाऱ्याचीच, कारण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते वासाचे. आणि खोटं कशाला बोलू, नाक झोंबलं की आम्हालाही मोठं काम केल्यासारखं वाटतं. उग्र वासाच्या डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आली. ही हौस मात्र गेली नाही.

मुंबईच्या आयटीसी मराठा हॉटेलला लीड या हरित-इमारत मानांकनाचा प्लॅटिनम दर्जा आहे. वापरात असलेल्या इमारतींसाठीच्या लीडमध्ये एकात्मिक कीडनियंत्रणाला, म्हणजे फवाऱ्याआधी बाकीचे उपाय करण्याला, गुण मिळतात. जहाल औषध मारायचं तर इमारतीतल्या लोकांना ७२ तास आधी कळवावं लागतं. हे मुंबईचे लाड, गोंदियात भातगिरण्या, तलाव, चार महिने ओल, इथे कसं जमणार, असा आक्षेप हमखास येतो. मला तर गिरण्या आहेत म्हणूनच ते जमवावं लागेल असं वाटतं. तांदळाच्या पोत्यातून रोज नवे सोंडे येणार असतील तर महिन्यातून एकदाचा फवारा काय रोखणार? पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, जुना माल आधी बाहेर, दाराखालची फट सहा मिलिमीटरच्या आत. नागझिऱ्याच्या वाटेवरच्या लॉजनी तर उंदरांना ब्रोमॅडिओलोनचं विष घालूच नये. तो उंदीर खाणारं घुबडही मरतं. ठेका घेऊन रजिस्टरवर सही आणि दोन लिटर फवारा करून जाणाऱ्यांना हे परवडत नाही, कारण यात औषध थोडं आणि मजुरी फार.

पाहुण्याला आज झुरळ दिसलं तर जेल लागू पडेपर्यंत आठवडाभर थांबायचं का, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे व्हॅक्यूम आणि वाफ त्याच दिवशी काम करतात. जेलही अमरपट्टा नव्हे. गोडाला न भुलणारी झुरळं निपजतात, तेव्हा आमिष बदलावं लागतं. डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे निर्विष असंही नाही. म्हणून ठेक्यात लिटर लिहू नयेत, चिकट सापळ्यांवरची मोजणी लिहावी आणि बिल तिच्यावरच द्यावं.